शेवटचा वाटा सकिनाबीचा

सकिनाबी माझ्या प्रौढ वर्गात आली ती १९५८च्या जूनमध्ये. राजिवड्याच्या होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या होत्या, माणसं रिकामी होती, आणि स्कूल बोर्डाने मला दुपारी तिथल्या एका मांगरात, म्हणजे होड्यांचं सामान ठेवायच्या खोपीत, वर्ग घ्यायला सांगितलं होतं. मांगरात जाळी, वल्ही आणि सुक्या मासळीचा वास, आणि मधोमध माझा फळा. पहिल्या दिवशी अकरा जण आले. सकिनाबी दाराशी उभी राहिली, आत बसली नाही.

"अक्षरं एकूण किती?" तिने विचारलं.

"मुळाक्षरं पन्नासच्या आत. पण काना, मात्रा, जोडाक्षरं वेगळी."

"मग नारळी पुनवेपर्यंत झाली पायजेत. होड्या सुटल्यावर मला सवड नाय."

"एवढी घाई कशाला?"

"कागद येणार हाय," ती म्हणाली. "अंगठा द्यायच्या आधी मला तो वाचायचा हाय."

तेव्हा ती पंचेचाळिशीची असावी. अंगाने लहान, पण उजव्या तळहातावर करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आडवा, गुळगुळीत घट्टा होता. तो रापणीच्या दोरीचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसं वाळूवरून ओढतात. राजिवड्याची रापण खाडीपलीकडे भाट्याच्या वाळूवर लागायची. सकिनाबीचा नवरा अली नऊ वर्षांपूर्वी बुडाला. त्याचं प्रेतही मिळालं नाही. चाळिसावा दिवस झाल्यावर ती दोरीवर त्याच्या जागी येऊन उभी राहिली. कोणी काही विचारलं नाही, कारण त्या किनाऱ्यावर दोरीवरची जागा घराची असते, माणूस गेला म्हणून ती जात नाही.

वाटेही तीच घालायची. मासळी वाळूवर ओतली की जितकी माणसं दोरीवर होती तितके ढीग ती नजरेने करायची. मोजायची नाही. एक बांगडा इकडचा तिकडे, दोन तारल्या तिकडच्या इकडे, आणि मग मागे सरून एकदा सगळ्या रांगेवरून नजर फिरवायची. नंतर प्रत्येकाने आपली खूण द्यायची. कोणाचा शिंपला, कोणाचं बटण, कोणाची विझलेली बिडी. मोतीबिंदूने दृष्टी गेलेले नझीरचाचा त्या खुणा टोपीत हलवून, मधला कुठलातरी एक ढीग सोडून, एकेका ढिगावर टाकत जायचे. ज्याची खूण ज्या ढिगावर, तो ढीग त्याचा. वाटे घालणाराची खूण मात्र टोपीत जात नसे. सगळ्यांनी उचलल्यावर जो ढीग उरेल तो त्याचा. म्हणून सकिनाबीचे वाटे नेहमी सारखे असत. मला ही रीत कळली तेव्हा मी वर्गात तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, "त्यात कौतुक कसलं? वाईट घातले तर मलाच वाईट मिळेल."

नारळी पौर्णिमेपर्यंत तिला अक्षरं आली. जोडाक्षरांपाशी ती अडे, पण अडली की ओठ घट्ट मिटून तिथेच थांबे, पुढे सरकत नसे.

होड्या सुटल्यावरही ती सवड काढून वर्गाला येत राहिली. कागद सप्टेंबरात आला. तो आणला काशीरामशेठांनी. शेठ मूळचे लांज्याचे, मुंबईत मासळीचा मोठा धंदा करणारे, बोलायला गोड आणि कामाला चोख. त्यांच्याकडे परदेशी इंजिन आणायचा परवाना होता, आणि त्या वर्षी तो ज्याच्याकडे तो राजा होता. सरकारजवळचं परदेशी चलन संपत आलं होतं. इंजिनं येत नव्हती, नायलॉनचा धागा बाजारात दिसत नव्हता. शेठ म्हणाले, मी इंजिनाची लाँच देतो, बर्फाची कोठी बांधतो, तुम्ही रापणकरांनी माझ्याबरोबर मंडळी, म्हणजे कंपनी, काढा. सकिनाबीचा मुलगा अयूब मुंबईच्या गोदीत वर्षभर इंजिनाचं काम शिकून आला होता. लाँच तोच चालवील असं शेठनी त्याला सांगून ठेवलं होतं.

सकिनाबी मंडळीचा कागद घेऊन वर्गात आली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू लागली. सातव्या कलमावर तिला बराच वेळ लागला. मंडळीचे सर्व निर्णय भांडवलाच्या प्रमाणात मोजलेल्या मतांनी होतील. शंभर मतांपैकी साठ शेठांची. आठव्या कलमात होतं की, ज्या घरचा पुरुष दोरीवर नाही त्या घरास वाटा राहणार नाही.

मग तिची धाकटी जाऊ नसीमा म्हणाली, "तुला काय त्याचं? तुझा अयूब हाय की लाँचवर."

"लाँचवर हाय. दोरीवर मी हाय," सकिनाबी म्हणाली.

त्या संध्याकाळी सकिनाबीच्या अंगणात मी चहाला थांबलो होतो. अयूब बाविशीचा, उंच, खिशात नेहमी एक पितळेचा नट बाळगणारा. गोदीत त्याने स्वतः खोललेल्या पहिल्या इंजिनाचा तो नट होता, आणि रापणीत त्याची खूणही तीच.

"मां, इंजिन आलं तर गुहागरापर्यंत जाऊन दिवस असता परत येऊ आमी."

"जा की. इंजिनाला माझी ना नाय. सातवं कलम वाच."

"तुझं वाचायला शिकणं मला महागात पडलं."

"ते मास्तरांना सांग. फी घेतली असती तर मी शिकलेच नसते."

मी हसलो, अयूबही हसला, पण त्याने कप अर्धाच ठेवून दिला. शेठांनी सह्यांसाठी दिवाळीच्या अलीकडचा शुक्रवार दिला होता. तोवर काय ते ठरायचं होतं. कागद मान्य झाला तर मुलाला हवं ते काम मिळणार आणि आईची दोरीवरची जागा जाणार, हे दोघांनाही कळत होतं. ते एकमेकांशी त्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

वर्गाच्या शेवटी मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. ऑक्टोबरच्या आरंभी बातमी आली की, जगातल्या साठ-सत्तर देशांच्या सामायिक बँकेची आणि नाणेनिधीची सभा या वर्षी आपल्या दिल्लीत भरते आहे. एखाद्या देशाची परदेशी गंगाजळी आटली तर तिथून उसनं मिळतं, आपणही घेतलं आहे, असं मी समजावलं.

"आपल्याकडे नोटा छापतात ना?" सकिनाबीने विचारलं. "मग इंजिन का मिळत नाय?"

"आपल्या नोटा तिकडे घेत नाहीत. डॉलर नाहीतर पौंड लागतात."

"कोणी ठरवलान हे?"

"लढाई संपता संपता देशांची एक बैठक झाली. आपलीही माणसं होती तिथे, पण राज्य इंग्रजांचं होतं."

"आणि आता? आता त्या सभेत आपली मतं किती?"

वर्तमानपत्रात सगळं नव्हतं. मी हायस्कुलातल्या वार्षिक माहितीच्या पुस्तकात बघून दुसऱ्या दिवशी सांगितलं. ज्याचा पैसा जास्त त्याची मतं जास्त. एकट्या अमेरिकेची शंभरात तिसाच्या आसपास, आपली चार-पाच.

"म्हणजे शेठनी हा कागद तिकडून उतरवलान," ती म्हणाली.

मग मला म्हणाली, "मास्तर, त्या सभेला पत्र घाला. मी सांगते, तुमी लिवा."

तिने मराठीत सांगितलं ते असं होतं: आमच्या किनाऱ्यावर जो वाटे घालतो तो शेवटी उचलतो. तुमच्यात वाटे कोण घालतो, आणि तो पहिला उचलतो की शेवटी, ते कळवावं. पहिला उचलत असेल तर ही रीत बदला. ज्यांनी दोरी ओढली त्या सगळ्यांना एकेक खूण द्या. आम्ही बुडणारी माणसं आहोत, दोरी कोणाच्या हातात आहे ते आम्हाला विचारता येतं.

मी रात्री घरी बसून त्याचं इंग्रजी केलं. मला जमलं तितकं चांगलं केलं. दुसऱ्या दिवशी तिने ते शब्दाशब्दाने परत मराठीत सांगायला लावलं.

"आम्ही नम्रपणे विनंती करतो की..." मी सुरुवात केली.

"विनंती कोण करतंय? मी विचारतंय."

"इंग्रजीत असं लिहायची पद्धत आहे, सकिनाबी."

"त्यांची असेल. काटा ते."

मी काट मारली. नवा कागद घेतो म्हटलं तर ती नको म्हणाली. काट दिसू दे, म्हणाली, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही त्यांना कळेल. खाली तिने स्वतःच्या हाताने 'सकिना अली' अशी सही केली. तिच्या आयुष्यातली ती पहिली सही. मी आपलं नाव घालायला पेन उचललं तेव्हा तिने कागद ओढून घेतला. "तुमचं नाव नको. तुमची बोर्डाची नोकरी हाय." मी पेन खाली ठेवलं. पत्र मी त्याच दिवशी पोस्टात टाकलं.

सह्यांच्या आधीच्या रविवारी काशीरामशेठ स्वतः भाट्याला आले. बरोबर सदू नावाचा त्यांचा कारकून होता. मीही सकाळच्या तरीच्या होडीतून पलीकडे गेलो होतो. रापण भरून आली होती, दोरी दोन्हीकडून ताणलेली, आणि माणसं कमी पडत होती. तरीची वाट बघत डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन उभा असलेला रावजी नावाचा एक वरच्या गावचा कुळवाडी गाठोडं खाली ठेवून दोरीला लागला. शेठनीही वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि हौसेने दोरी धरली. दहा-बारा पावलं त्यांनी मनापासून ओढलं. दोरीला हात लागला की वाटा लागतो, मग तो कोणी का असेना.

बांगडे वाळूवर ओतले तेव्हा शेठ खुशीत होते. सकिनाबी पुढे झाली, तोच ते म्हणाले, "आज मी घालतो वाटे. मलाही शिकू दे तुमची पद्धत."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती दोन पावलं मागे सरली. नझीरचाचा खोकले. अयूबने आईकडे पाहून 'सांग त्यांना' अशी मान हलवली, पण ती समुद्राकडे बघत होती. पुढे कधीतरी मी तिला विचारलं की, तुम्ही त्यांना रीत सांगितली का नाही. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं नाय. शंभरात साठ मतं ज्याची, त्याला माहीत असेल असं वाटलं मला."

शेठनी वाटे वाईट घातले नाहीत. लहान ढीग त्यांनी बऱ्यापैकी सारखे केले. मात्र रांगेच्या टोकाला एक ढीग चांगला टोपलीभर केला. "हा कंपनीचा," ते म्हणाले. "बर्फ आला की असाच वेगळा काढायचा."

"खुणा द्या," सकिनाबी म्हणाली.

शिंपले, बटणं, अयूबचा पितळी नट, सगळं टोपीत पडलं. रावजीकडे काही नव्हतं. त्याने कानावरची अर्धी बिडी दिली. शेठ वाटे घालणारे, म्हणून त्यांच्याकडे कोणी खूण मागितली नाही. नझीरचाचा रांगेने चालत टाकत गेले. शेवटच्या मोठ्या ढिगावर त्यांच्या हातून पडली ती बिडी.

आधी पोरीबाळी हसल्या, मग मोठी माणसंही. एका ढिगावर खूण नव्हती. पाच बांगडे आणि एक खेकडा. तो शेठांचा.

"अहो, तो कंपनीचा होता," शेठ म्हणाले. "वेगळा काढलेला."

"इकडे वेगळा काढत नायत, शेठ," नझीरचाचा म्हणाले. "मला तर दिसतही नाय कुठला मोठा ते."

शेठनी सदूला इशारा केला. सदूने टोपली घेतली आणि मोठा ढीग भरायला वाकला. रावजी घाईने मागे सरला. "नेऊ देत, नेऊ देत. मला दोन बांगडे पुरे. माझी तरीची होडी चुकेल."

सकिनाबी पुढे गेली. वाळूत पडलेली बिडी तिने शोधून काढली, पदराने झटकली आणि ढिगावर परत ठेवली.

"ही कोणाची?"

"माझी," रावजी म्हणाला.

"मग उचल. तुझी होडी मी थांबवते."

सदू वाकलेला तसाच राहिला. शेठ रागावले नाहीत. त्यांचा स्वभाव रागावण्याचा नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसे ते म्हणाले, "सकिनाबाई, शुक्रवारी सह्या झाल्या की कोणी काय उचलायचं ते मी ठरवणार. मग आज कशाला उगाच?"

"व्हय," ती म्हणाली. "कागदात तेच लिवलंय. मी मांगरात वाचून दाखवलं तेव्हा कोणाला नीट समजलं नव्हतं. आता समजलं."

शेठनी चारी बाजूंना पाहिलं. मग सदूला टोपली खाली ठेवायला सांगितलं, वहाणा हातात घेतल्या आणि तरीकडे चालू लागले. त्यांचा वाटा वाळूवर तसाच होता. सकिनाबीने तो केळीच्या पानात बांधून नसीमाला त्यांच्यामागे धावत पाठवलं. "खेकडा धरून घाल. कोणाचा वाटा ठेवून घेत नाय आमी," ती म्हणाली.

शुक्रवारी नमाजानंतर मांगरात दोन मडकी ठेवली. लाल मडकं कागदाला हो म्हणणाऱ्यांचं, काळं नाही म्हणणाऱ्यांचं. घरटी एक मत असंही कोणी सुचवलं, पण दोरीवरच्या प्रत्येकाची एक खूण असंच ठरलं. नझीरचाचा मडक्यांपाशी बसले, कारण त्यांना कोण कुठे टाकतो ते दिसत नव्हतं. मला मोजायला बोलावलं होतं. काळ्यात बावीस खुणा निघाल्या, लाल मडक्यात सात. सातांत तो पितळेचा नट होता.

मांगरात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "सख्खा पोरगा, आणि..."

"गप," सकिनाबी म्हणाली. "त्याने दोरी ओढलीय. त्याची खूण त्याने कुठे टाकायची ते तो ठरवणार. ह्याचसाठी बसलो ना आपण इथे?"

तिने नट उचलला, पदराला पुसला आणि अयूबच्या हातात दिला. "हरवू नको. परत आलास की लागेल." तो जाणार हे तिने त्याच्या आधी ओळखलं होतं. आठवड्याने शेठांची लाँच दुसऱ्या बंदरात लागली आणि अयूब तिच्यावर गेला.

त्या हिवाळ्यात राजिवड्याला बर्फ मिळाला नाही. बांगडा भरपूर आला आणि अर्धा खारवावा लागला. व्यापारी भाव पाडून मागत होते. नसीमा एकदा माझ्यादेखत जावेला म्हणाली, "तुझ्या हट्टापायी बर्फ गेला."

"गेला," सकिनाबी म्हणाली. "मी कुठे नाय म्हणते? मीठ आण."

दिल्लीच्या सभेची पुढची बातमीही मी वाचून दाखवली होती. सगळ्या देशांनी आपापली वर्गणी वाढवावी असा विचार तिथे पुढे आला होता. मतांचं प्रमाण साधारण तेच राहणार होतं. ती मासळीला मीठ चोळत ऐकत होती. "म्हणजे टोपल्या मोठ्या केल्यानी," ती म्हणाली. "वाटे घालणारा तोच. उचलणारही तोच पहिला." मग थांबून तिने विचारलं, "माझ्या पत्राचं काय लिवलंय?" मी म्हटलं, काही नाही. तिने पुढचा बांगडा घेतला.

अयूब एकोणसाठच्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या रजेवर आला. दुसऱ्याच सकाळी तो भाट्याला दोरीवर उभा राहिला, तिच्या मागे चार माणसं सोडून. मासळी थोडीच आली. तिने वाटे घातले, नझीरचाचांनी टोपी फिरवली. अयूबने खिशातून नट काढून त्यात टाकला. नट आता घासून चकचकीत झाला होता. टोपी पुढे गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "मां, दिल्लीहून उत्तर आलं का गो?"

"नाय."

"मग?"

"मग काय? त्यांची अजून अक्षरं चालली असतील," ती म्हणाली. "मास्तर, त्यांना आणखी एक पत्र घाला. म्हणावं, नारळी पुनवेपर्यंत झालं पायजे."

सगळे हसले, ती हसली नाही. मी त्या आठवड्यात दुसरं पत्र खरंच घातलं, आणि ह्या वेळी 'नम्र' हा शब्द मुळात लिहिलाच नाही.

एकेकाने आपापला ढीग उचलला. अयूबचा नट एका बऱ्या ढिगावर पडला होता. त्याने बांगडे टोपलीत भरले आणि आईसाठी थांबला. वाळूवर एकच ढीग उरला होता, तीन बांगडे आणि मूठभर तारल्या. सकिनाबीने रांगेवरून एकदा नजर फिरवली, कोणी राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि मग वाकून तो उचलला.